चीनमध्ये साहेबाला 'लाओदा' म्हणू का?

इचलकरंजीहून केछ्याओला, म्हणजे चीनमधल्या कापडाच्या मोठ्या पेठेत येताय, कापडखरेदीच्या ऑफिसात रुजू होणार आहात, आणि व्हिडिओ कॉलवर सगळी पोरं मॅनेजरला 'लाओदा' म्हणताना ऐकलीत. मीही तेच म्हणू का, असं विचारलंत. सुरुवातीला तरी नको.

लाओदा म्हणजे घरातलं थोरलं भावंड, मुलगा असो की मुलगी. त्याच्या पाठचं लाओअर, मग लाओसान. एक-मूल धोरणाच्या काळात शहरातल्या बहुतेक घरांत ही मोजणी करायला मुलंच नव्हती. 2016 पासून दोन मुलांची मुभा मिळाली आणि आता आमच्या ऑफिसातल्या बायका 'लाओदाची परीक्षा, लाओअरचा ताप' असं सर्रास बोलतात. होस्टेलवर एका खोलीतली मुलंही वयानुसार असेच नंबर लावून घेतात. मासेमारी बोटीवरचा तांडेल हाही लाओदा, आणि टोळीचा म्होरक्याही लाओदाच, आपल्याकडच्या 'भाई'सारखा.

म्हणून ऑफिसात हा शब्द अर्धा मानाचा, अर्धा चेष्टेचा. रात्री उशिरापर्यंत थांबून जो शिपमेंट काढतो, वरच्यांची बोलणी स्वतःवर घेतो, त्याला टीम लाओदा म्हणते. बाईही लाओदा असू शकते. नव्या परदेशी माणसानं पहिल्या दिवशी म्हटलं तर कुणी रागावणार नाही, हसतील. पण मॅनेजर अवघडेल. ग्राहकासमोर तर ती पोरंही जपून बोलतात. तिथं आडनाव आणि पुढं 'त्सोंग', म्हणजे बडे साहेब: वांग त्सोंग, छन त्सोंग. तुम्हीही तेच वापरा. एखाद्याला हुद्द्यापेक्षा थोडं वर चढवलं तर कुणी तक्रार करत नाही! वयानं मोठ्या सहकारी बाईला आडनाव आणि 'च्ये', म्हणजे ताई. दुकानदार लाओबान. ड्रायव्हर, प्लंबर, डाईंगचा मास्तर हे सगळे शिफू; या एका शब्दावर मार्केटात माझी बरीच कामं झालीत.

पुढं लाओदा म्हणायची वेळ आली की 'लाओ' खालच्या पट्टीत आणि 'दा' वरून झटक्यात खाली. आणि गमतीतही कुणाला लाओअर म्हणून हाक मारू नका. बोलीभाषेत पुरुषाच्या त्या अवयवालाही तेच म्हणतात, आणि पोरं ते महिनाभर तरी विसरणार नाहीत.

जेवायला नेलं तर आधी घाईनं बसू नका. दाराकडं तोंड असलेली मधली खुर्ची मोठ्या माणसाची किंवा यजमानाची. तुमची जागा ते दाखवतील. पेला भिडवताना आपला काठ त्यांच्या काठाच्या खाली धरायचा. तेही आपला पेला खाली नेतात, मग तुम्ही अजून खाली, असं टेबलाला टेकेपर्यंत चालतं. दारू घेत नसाल तर पहिल्याच फेरीला सांगून चहा मागवा. दोन पेले घेऊन तिसऱ्याला नाही म्हणालात, तर मात्र सुटका नाही.