गाजर गवत: उपटणं, भुंगेरे, टाकळा आणि सगळ्यात शेवटी फवारणी

भोकरदन तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा प्रश्न: "बांधावर, गोठ्यामागं आणि शेतरस्त्याच्या दोन्ही कडांना काँग्रेस गवत माजलंय. दोन वर्षं झाली तणनाशक मारतोय. पंधरा दिवस जळाल्यासारखं दिसतं, पाऊस झाला की पुन्हा हिरवंगार. काय मारू म्हणजे कायमचं जाईल? आणि हे गवत खाणारे भुंगेरे सोडले तर ते सोयाबीन, तूर खातील का?"

दादा, काँग्रेस गवत म्हणा की गाजर गवत, तण एकच, आणि ते कायमचं घालवणारं औषध नाही. फवारणीनं उभं झाड मरतं, जमिनीत पडलेलं बी तसंच राहतं. एका झाडाला दहा-पंधरा हजार बी सहज धरतं, मोठं झाड पंचवीस हजारांपर्यंत जातं. वरच्या थरातलं बी ओल मिळाली की उगवतं, खोल गेलेलं वर्षानुवर्षं जिवंत राहतं. म्हणून लढाई बियाशी आहे. 1955 च्या सुमारास पुण्यात या तणाची नोंद झाली आणि तिथून ते देशभर पसरलं ते याच बियाच्या जोरावर.

पहिलं काम उपटणं, तेही फुलावर यायच्या आत. उगवल्यावर पानं जमिनीला चिकटून चक्रासारखी पसरतात, तीच वेळ. पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जमीन भुसभुशीत असते, तेव्हा मुळासकट निघतं. विळ्यानं कापलंत तर बुडातून पुन्हा चार फांद्या फुटतात आणि फुलं दुपटीनं येतात. गेल्या खरिपात एका बांधावर पाहिलं, मजूर लावून सगळं उपटलं होतं, पण पांढऱ्या फुलांचे ढीग तिथंच टाकलेले. उपटलेल्या झाडावरही बी पक्व होतं. पुढच्या पावसात त्या ढिगांच्याच जागी रोपांचा गालिचा उगवला होता. फूल नसलेली झाडं खुशाल कंपोस्टच्या खड्ड्यात घाला. फूल आलेली मात्र उकिरड्यावर नकोत. शेणखतातून ती परत शेतात येतात.

आता भुंगेरे. मेक्सिकन भुंगेरा, शास्त्रीय नाव झायगोग्रामा, 1984 मध्ये बेंगळुरूजवळ पहिल्यांदा सोडला गेला. पिवळसर पांढरा, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. अळी आणि भुंगेरा दोन्ही गाजर गवताचीच पानं खातात. सोयाबीन, तुरीची काळजी करू नका. सूर्यफुलावर तो दिसल्यानं मध्यंतरी शंका निघाली होती, तपासणीअंती वापर सुरू राहिला. जुलै-ऑगस्टमध्ये, जिथं तो भरपूर दिसतो तिथून सकाळी गोळा करा, भोकं पाडलेल्या डब्यात गाजर गवताची पानं घालून आणा आणि एका जागी निदान पाचशे तरी सोडा. इथं दहा, तिथं वीस असं केलं तर टिकत नाहीत. जवळपास सापडले नाहीत तर कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे चौकशी करा. थंडी-उन्हाळ्यात तो जमिनीत दडून बसतो, पावसाळ्यात आपोआप वर येतो. त्यामुळे पहिल्या वर्षी फरक कमी दिसेल, धीर धरावा लागेल.

तुमच्याकडे काय चुकलं असेल, तर ते इथंच. ज्या जागी भुंगेरे आहेत तिथं फवारणी केली की त्यांचं खाणंच संपतं. म्हणून जागा वाटून घ्या: गोठ्यामागं आणि बांधावर हातानं उपटणं, शेतरस्त्याकडेला आणि पडीक तुकड्यावर भुंगेरे. तणनाशक फक्त भुंगेरे नसलेल्या, दाट माजलेल्या पडीक जागी, फुलाआधी. तिथलं बाकीचं गवत चाऱ्यासाठी राखायचं असेल तर मेट्रिब्युझिन हे तणनाशक बरं. प्रमाण लेबलप्रमाणंच, आणि फवारलेल्या जागी जनावरं चरू देऊ नका. 2,4-डी हे तणनाशक वापरायचं झालं तर वारा पडलेला असताना आणि वेगळ्या पंपानं. तोच पंप नीट न धुता कपाशीत नेला तर पानं भेंडीसारखी होतात. मी असे प्लॉट पाहिलेत, हळहळ वाटते. ग्लायफोसेट या तणनाशकावर केंद्र सरकारनं 2022 मध्ये निर्बंध आणलेत, दुकानदार देतोय म्हणून मारू नका.

आणि मोकळी केलेली जागा तशीच सोडू नका. टाकळा, तुम्ही तरोटा म्हणत असाल, त्याचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोळा करून ठेवा, एप्रिल-मेमध्ये तिथं फेका. पावसाळ्यात तो दाट उठतो आणि गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही. गोठ्याजवळ झेंडू लावलात तरी चालेल.

याच गावातल्या एका ताईंनी विचारलंय: "गवत उपटल्यावर हात लाल होऊन खाजतात, आणि गाईचं दूध कडू लागतंय. संबंध आहे का?"

आहे, ताई. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल हवाच. काम संपल्यावर साबणानं हात धुवा. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना या कामाला नेऊ नका, फुलांचे परागकण त्रास देतात. चट्टे वाढत असतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. गाईनं हे गवत खाल्लं की दूध कडवट होतं. चारा कापून आणताना वेगळं काढा, कुट्टीत जाऊ देऊ नका.

दादा, रस्त्याचं बी तुमच्या बांधावर येतच राहणार. 16 ते 22 ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह असतो, त्या आठवड्यात ग्रामपंचायतीला सांगून, भुंगेरे सोडलेली जागा वगळून, रस्त्याकडेचं एकत्र उपटून घ्या. त्याआधी बांधावरच्या पानांचे, खालच्या बाजूसह, दोन फोटो पाठवा. भुंगेऱ्याची अंडी पानाखाली असतात. ती आधीच असतील तर तिथं फवारणी करायची नाही.