नाशिकला रूमवर राहतो, बजेट पाच हजार. स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर कोणता घेऊ? जास्त वॉटचा घेतलेला बरा का?

"जास्त वॉटचा घेतलेला बरा का" एवढं वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो. हाच वाद 2011 साली म्हसरूळच्या एका खोलीत सहा महिने चालला होता आणि माझ्या लेखी तो अजून मिटलेला नाही.

मी आणि माझा रूममेट. तो निफाडकडचा, घरची द्राक्षबाग, बोलणं बांधावरून हाक मारल्यासारखं. दोघांनी दोन-दोन हजार काढले. माझं म्हणणं, आधी स्पीकर बघू. सिडकोत एक काका घर बदलत होते, ते त्यांचे लाकडी पेटीतले जुने बुकशेल्फ स्पीकर 2500 ला द्यायला तयार होते. उरलेल्या दीड हजारात मिळेल तो अ‍ॅम्प्लिफायर. रूममेट म्हणाला, "ट्रॅक्टरच नाही तर नुसती ट्रॉली घेऊन काय करतो?" मेन रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानात त्याला निळे दिवे नाचणारा डबा दिसला. पुढच्या पट्टीवर सोनेरी अक्षरात 2000 वॉट पीएमपीओ (म्हणे क्षणभराचा कमाल वॉट). किंमत 2600. दुकानदाराने फुल आवाजात लावून दाखवला, अर्थात दुकानातल्या कमरेएवढ्या स्पीकरवर. संपला विषय. निमाणीपासून सिटी बसमध्ये पठ्ठ्याने तो मांडीवर घेऊन आणला, तिकिटाचे पैसेसुद्धा मला काढायला लावले.

उरलेल्या 1400 मध्ये जे स्पीकर आले त्यांचा बेस म्हणजे तेलाच्या रिकाम्या डब्यावर थाप. आणि गाणं बंद असलं तरी मागे सतत घरघर.

तो शनिवारी गावाला गेला आणि मी झाकणाचे स्क्रू काढले. आत एका कोपऱ्यात 12-0-12 चा 3 अँपियरचा ट्रान्सफॉर्मर, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला कसलेल्या दोन टीडीए 2030 आयसी (आवाज वाढवणाऱ्या चिप), बाकी सगळी हवा. आता हिशोब तूच कर. दोन्ही बारा मिळून 24 व्होल्ट, गुणिले 3 अँपियर, म्हणजे अख्ख्या डब्याची ऐपत फार तर 72 वॉट. ती आयसी 4 ओहमच्या स्पीकरला 14 वॉटच्या आसपास देते, दोन चॅनलचे झाले 28. मग 2000 आले कुठून? पीएमपीओला मोजमापाचा कुठलाच ठरलेला नियम नाही, स्टिकर छापणाऱ्याच्या मनात येईल तो आकडा. आरएमएस (म्हणजे सतत देता येणारे खरे वॉट) लिहिलेलं नसेल तर पुढे वाचूच नको. सोमवारी हे सगळं कागदावर मांडून त्याला दाखवलं. त्याने कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "तुझा कागद वाजतो का?"

तर, तुझं उत्तर. वॉटच्या मागे लागू नको. 10 वॉटवरून 20 वर गेलास तर वाढतात फक्त 3 डेसिबल, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. उलट 84 ऐवजी 87 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (म्हणजे तेवढ्याच वॉटला जास्त आवाज देणारा) स्पीकर घेतलास तर तेच 3 डेसिबल फुकट मिळाले. खोली असणार दहा बाय दहा, तिथे पाच-दहा वॉटला खाली राहणारे मालक वर येतात. म्हणून पाच हजारातले निम्म्याहून जास्त स्पीकरवर घाल, आणि ते जुनेच घे.

अ‍ॅम्प्लिफायर म्हणशील तर टीपीए 3116 चिपवरचा छोटा क्लास डी (कमी तापणारा प्रकार) घे, किंवा नुसता बोर्ड आणून डब्यात बसव. घरात जुन्या लॅपटॉपचा 19 व्होल्ट, 4.74 अँपियरचा चार्जर पडला असेल तर पॉवर सप्लायचाही खर्च वाचला. 8 ओहमला चॅनलमागे 20 वॉटच्या आसपास मिळतात, डोक्यावरून पाणी. आवाज वाढेल म्हणून 24 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावण्याआधी बोर्डावरचे मोठे कपॅसिटर वाच. 25 व्होल्टचे असतील तर तो नाद सोड.

जुना ट्रान्सफॉर्मरवाला सेट मिळत असेल तर आधी उचलून बघ. हातात हलका लागला तर तिथेच ठेवून ये. (क्लास डीला हे लागू नाही, तो हलकाच असतो.) व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर घाबरू नको, उलट भाव पाड, पॉटमध्ये (व्हॉल्यूमच्या बटणामागचा भाग) कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की बहुतेक वेळा जाते. पण चालू करताच स्पीकरचा कोन (मधला हलणारा पडदा) बाहेर ढकलला जाऊन तिथेच थांबला तर लगेच बंद कर. आउटपुटला डीसी (बॅटरीसारखा एकाच दिशेचा करंट) येतोय, स्पीकर जळेल.

एक गोष्ट राहिली. ती घरघर डब्याची नव्हती. आम्ही गाणी माझ्या लॅपटॉपवरून वाजवायचो. खोलीतल्या सॉकेटला अर्थिंग नव्हतं, तिसरं भोक नुसतं शोभेचं, लॅपटॉपला हात लावला तरी झिणझिण्या यायच्या. चार्जर काढला की घरघर गप्प. रूममेट पहिल्या दिवसापासून "तुझ्या लॅपटॉपची भानगड आहे" म्हणत होता. मला ते दोन वर्षांनी दुसऱ्या खोलीत कळलं. म्हणजे तुझ्याकडे घरघर आली तर आधी चार्जर काढून बघ, मग अ‍ॅम्प्लिफायरला शिव्या दे. वॉटच्या बाबतीत मात्र बरोबर मीच होतो.

डबा शेवटी तो गावी घेऊन गेला. गोठ्यात लावलाय, गाईंना रेडिओ ऐकवतो. दर गणपतीत फोन येतो, "2000 वॉट अजून चालू आहे बरं का." घरघरीचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.