दहावीतल्या मुलीला हृदयाची आकृती जमत नाही, सोपी युक्ती आहे का? आणि फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी पुस्तकात निळी का, छपाईची चूक आहे का?

युक्ती आहे, सांगतो. पण आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो. चूक पुस्तकाची नाही. याच निळ्या रंगापायी मी एका हेडमास्तरांशी भांडलोय आणि हरलोय, म्हणून जरा लांबण लागेल.

मी पेंटर. गोव्यातल्या पेडण्याकडचा. जत्रेतल्या नाटकांचे पडदे, दुकानांच्या पाट्या आणि मधली काही वर्षं शाळांच्या भिंती, हा माझा धंदा. आता सगळं फ्लेक्सनं खाल्लं, तो विषय वेगळा. १९९४ साली एका हायस्कुलाच्या व्हरांड्यात हृदय काढायचं काम आलं. उंचीला सहा फूट. नमुना म्हणून दिलेल्या पुस्तकातलं चित्र काड्यापेटीएवढं. चौकटी आखून मोठं करायला घेतलं तर वरच्या नळ्यांचा गुंता सुटेना. कुठली पुढून जाते, कुठली मागून, काही कळेना. देखाव्यात पुढचं झाड मागे गेलं तर चालतं, इथं कसं चालेल?

म्हापशाच्या खाटकाकडे गेलो. काळीज दे म्हटलं तर तो कलेजी बांधायला लागला. हृदय म्हटल्यावर माझ्याकडे नुसता बघत राहिला. शेवटी म्हणाला, ‘दिल?’ हो बाबा, दिल, आणि वरच्या नळ्या छाटू नकोस. बायकोनं ते घरात घेऊ दिलं नाही. विहिरीकडच्या कपडे धुवायच्या दगडावर बसलो, दाढीचं ब्लेड घेतलं.

फाडायच्या आधी नुसतं दाबून बघितलं. एक बाजू भिजलेल्या कापडासारखी लिबलिबीत, दुसरी घट्ट. घट्ट ती डावी. चिरल्यावर कारण दिसलं, डाव्या निलयाची, म्हणजे खालच्या कप्प्याची, भिंत उजव्याच्या तिप्पट जाड. उजव्याला रक्त शेजारच्या फुप्फुसात ढकलायचं, डाव्याला टाळूपासून तळपायापर्यंत. आत अलिंद, म्हणजे वरचा कप्पा, आणि निलय यांच्यामधल्या झडपेला पांढऱ्या दोऱ्या, खाली मांसाच्या खुंट्यांना बांधलेल्या. मला वाटलं, आमच्या पडद्यासारखंच, दोरी ओढली की उघडत असेल. उलटं आहे. दोऱ्या झडप उघडत नाहीत, निलय आवळला की ती वर अलिंदात उलटू नये म्हणून धरून ठेवतात. डावीकडच्या त्या झडपेला दोन पाकळ्या. तिचं इंग्रजी नाव, मायट्रल, बिशपच्या टोपीवरून पडलंय. गोव्यात ती टोपी कुणाला समजावून सांगायला नको.

डाव्या निलयातून अंगाकडे निघणारी मोठी नळी ती महारोहिणी, तिच्या तोंडात तांब्यातलं पाणी ओतलं. थांबलं! आतल्या तीन इवल्या वाट्या फुगून एकमेकींना चिकटल्या आणि वाट बंद. त्या वाट्यांच्या जरा वर दोन बारीक भोकं. हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या तिथूनच निघतात, पुढे ब्लॉक होतात म्हणतात त्या याच. आणि मुख्य गुंता सुटला: उजव्या निलयातली नळी पुढून जाते, महारोहिणी तिच्या मागून वर येते. निळा रंग मात्र कुठेच नव्हता. साकळलेलं काळपट तांबडं रक्त तेवढं. निळा हा छापणाऱ्यांचा संकेत, ऑक्सिजन कमी असलेलं रक्त दाखवायला.

भिंतीवर तसंच उतरवलं. उजव्या निलयातून फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी निळी, फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या चार नीला तांबड्या. हेडमास्तर आले, काठी भिंतीला टेकवून म्हणाले, ‘पेंटर, रोहिणी निळी? आणि नीला तांबडी? अरे, नावातच रंग आहे ना!’

आता नावात रंग आहे हे खरंच. रोहिणी म्हणजे तांबडी, नीला म्हणजे निळी. ज्यानं हे शब्द पाडले त्यानं पोरांच्या वाटेत खड्डा खणून ठेवला, असं माझं ठाम मत आहे. हृदयातून रक्त बाहेर नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती नीला. आत कसलं रक्त आहे याच्याशी नावाचा संबंध नाही. बाकी अंगात दोन्ही जुळतं, फुप्फुसापाशी उलटं होतं. मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘तू किती शिकलास?’ नववी. ‘मी हृदय फाडून बघितलंय, सर.’ ‘कुणाचं?’ बकऱ्याचं म्हटल्यावर व्हरांडा हसला. विज्ञानाचे मास्तर बाजूलाच उभे होते, चपलेच्या अंगठ्याकडे बघत. संध्याकाळी गेटापाशी हळूच म्हणाले, तुझं बरोबर आहे रे.

दुसऱ्या दिवशी मी निळ्यावर तांबडा मारला, तांबड्यावर निळा, आणि साडेतीनशे रुपये घेतले. पोरं वह्या घेऊन त्या भिंतीपुढे बसलेली मी पुढे कित्येक वर्षं येताजाता बघितली.

तर तुमच्या मुलीचं. तिला बाह्यरेषा घोकायला लावू नका. सगळे तिथंच फसतात. आधी रक्ताची वाट बोटानं फिरवू दे: अंगातलं रक्त परत आणणारी महानीला, उजवं अलिंद, उजवं निलय, फुप्फुस, डावं अलिंद, डावं निलय, महारोहिणी. सात वेळा बोट फिरलं की पेन्सिल. मानकुराद आंबा तिरका धरल्यासारखा आकार, टोक कागदावर उजवीकडे खाली. समोरच्या माणसाचं हृदय आहे, त्यामुळे त्याचं डावं ते कागदावर उजवीकडे. मग मधला पडदा, मग कप्पे, डाव्या निलयाची भिंत जाड, आणि नळ्या शेवटी, पुढची आधी काढून मागची तिच्याआड अडवायची. नावांच्या रेघा पट्टीनं. फळ्यावरून उतरवू नका, फळाही कुणीतरी कुठूनतरी उतरवलेलाच असतो. जमलं तर एकदा बकऱ्याचं हृदय आणून फाडा.

घरात शाकाहारी असाल तर राहू दे. आणि पुस्तकातलं चित्र उभं कापलेलं असतं, त्यात दोन्ही बाजू सारख्या दिसतात. न कापता समोरून बघितलं तर बहुतेक उजवं निलयच दिसतं, डाव्याची कडेला नुसती पट्टी. हे तिला ठाऊक असू दे, पेपरात मात्र पुस्तकातलंच काढू दे. मार्क त्याचे आहेत. मीही पैसे घेतलेच होते.

हां, एक राहिलं. परीक्षेत आकृती शिसपेन्सिलीनं काढतात, रंग कोण भरत बसतो? म्हणजे निळ्या-तांबड्याचं आमचं एवढं भांडण तुमच्या मुलीला तसं लागूच नाही.