मुदत ठेव मोडून अंगोरा ससे? आधी सूत विकून पाहा

प्रश्न : मी 46 वर्षांची, कोल्हापुरात फुलेवाडीत स्वतःचं घर. पतींची खासगी नोकरी, मुलगी बारावीत. 6 लाखांची एकच मुदत ठेव आहे. त्यातून 3 लाख काढून गच्चीवर पत्र्याचं शेड घालायचं, 16 माद्या आणि 4 नर असे जर्मन अंगोरा ससे घ्यायचे आणि लोकरीचं सूत हाताने कातून विकायचं असं ठरवते आहे. ससे देणारा 2,000 रुपये किलोने लोकर आणि पिल्लंही परत घ्यायचा करार देतो. टकळीवर कातता येतं. करू का?

ताई, ठेव मोडू नका. कातणं मात्र सोडू नका, कारण तुमच्या बेतात पैसा आहे तो कातण्यातच.

आधी नुसत्या लोकरीचा हिशोब. थंड हवेत, नीट सांभाळलेला जर्मन अंगोरा वर्षाला किलोभर किंवा त्याहून जास्त लोकर देतो. कोल्हापुरात 600 ग्रॅम धरू, तेही हात सैल सोडून. 20 सशांची 12 किलो, म्हणजे 2,000 च्या भावाने 24,000 रुपये. दर सशाला रोज 150 ग्रॅम गोळी खाद्य लागतं, म्हणजे वर्षाला साधारण 1,095 किलो. 35 रुपये किलो धरलं तर 38,000 रुपये. कच्ची लोकर विकून खाद्याचाही खर्च निघत नाही. मग करार देणारा कमावतो कशावर? ससे विकण्यावर. तुमची पिल्लं तो पुढच्या गिऱ्हाइकाला विकणार, आणि नवं गिऱ्हाईक आटलं की खरेदी थांबणार. 2019 मध्ये कडकनाथ कोंबड्यांच्या अशाच योजनेत सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. स्टॅम्प पेपरवर नोटरी केली म्हणून वसुली होत नाही. बँक गॅरंटी मागा, म्हणजे त्याने पैसे थकवले तर बँकेने भरायची हमी. ती देत नसेल तर त्या कराराची किंमत शून्य धरा.

आता हवा. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून टाकतो, आणि अंगोराच्या अंगावर तर लोकरीचं पांघरूण. पारा 28-30 अंशांच्या वर राहिला की खाणं कमी होतं, लोकर घटते, नर काही आठवडे पैदाशीला निकामी होतात. 35 च्या वर दुपार गेली तर ससे दगावू शकतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये 37-38 अंश नेहमीचे, आणि गच्चीवरच्या पत्र्याखाली त्याहून जास्त. कूलर कोरड्या दुपारी काम देतो. वळीव पडून हवा दमट झाली की त्याचा उपयोग जवळजवळ संपतो. पुढे जून ते सप्टेंबर ओल : लोकर जटते, गोळी खाद्याला बुरशी लागते, पिल्लांना कॉक्सिडिऑसिस या आतड्यातल्या परजीवी रोगाची हगवण आणि मोठ्यांच्या कानात खरूज. अंगोराची स्वतःची एक अडचण वेगळीच. अंग चाटताना पोटात गेलेली लोकर सशाला ओकता येत नाही. त्यात वाळलेलं गवत कमी पडलं किंवा कातरणी लांबली की पोटात गोळा बसतो. ससा खाणं सोडतो, लेंड्या बारीक होतात, आणि बहुतेकदा कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

तरीही सगळं सुरळीत गेलं असं मानून सुताचं गणित करू. 12 किलोतली जटलेली, आखूड लोकर वगळून 10 किलो सूत, म्हणजे 50 ग्रॅमच्या 200 लड्या. लडीला 500 रुपये धरले तर 1 लाख. खाद्य 38,000, कूलरची वीज 6,000, गवत-औषधं 8,000 आणि 3 लाखांवर 7 टक्क्यांनी बुडालेलं व्याज 21,000 वजा केलं की उरतात 27,000. तास मोजा. बारीक सूत ताशी 20 ग्रॅम धरलं तर 500 तास, दुपदरी पीळ द्यायला आणखी 150, वर्षात चार कातरण्यांचे 60 आणि पिंजरे-पाणी-खाद्याचे रोज दीड तासाप्रमाणे साडेपाचशे. ताशी जेमतेम 21 रुपये पडतात. यात पिंजऱ्यांची झीज नाही, मेलेला ससा नाही, न विकलेली लडीही नाही.

आता तीच लोकर विकत आणून कातली तर? भाव दीडपट, 3,000 रुपये किलो धरू. 2 किलोचे 6,000. त्यातून 1.7 किलो सूत, 34 लड्या, 17,000 रुपये. तास साधारण 110. ताशी साधारण 100 रुपये, आणि घरात एकही ससा नाही. म्हणून माझं मत ठाम आहे : पहिलं वर्ष सशाविना काढा. हिमाचलात कुल्लूजवळ गडसा इथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं केंद्र आहे. अंगोरा पाळणाऱ्या कुटुंबांची चौकशी तिथे करा. लोकर घेताना 6 सेंमीहून लांब, कातरलेली, न जटलेली मागा. उपटलेली नको. 2013 च्या अखेरीस चीनमध्ये जिवंत सशांची लोकर उपटतानाचं चित्रीकरण बाहेर आल्यावर अनेक मोठ्या ब्रँडनी अंगोरा बंद केला. तेव्हापासून गिऱ्हाईक हे विचारतं, आणि विचारावंच.

अंगोरा निसरडा असतो, तेलकटपणा जवळपास नसतो, त्यामुळे धुवायची गरज नाही, पण पीळ मेंढीच्या लोकरीपेक्षा जास्त द्यावा लागतो, नाहीतर सूत सुटतं. शुद्ध अंगोराचं विणकाम लवचीक राहत नाही, म्हणून 30 टक्के अंगोरा आणि 70 टक्के मेरिनो (मेंढीची मऊ लोकर) असं मिश्रण जास्त चालतं. पट्टणकोडोलीच्या घोंगड्यांची दख्खनी लोकर इथे मिसळू नका. तिच्या जाडीत अंगोराचा मऊपणा हरवतो. कोल्हापुरात लोकरीचं गिऱ्हाईक थोडं, त्यामुळे पुणे-बंगळुरूचे विणकाम करणारे गट आणि मुंबईचं महालक्ष्मी सरस हे बचत गटांचं प्रदर्शन यांकडे बघा, माल ऑक्टोबरपर्यंत तयार ठेवा. पावसाळ्यात लोकर हवाबंद डब्यात, न दाबता.

खर्चाची मर्यादा 20,000 : लोकर, मेरिनो, एक चरखा, पाकिटं. हे महिन्याच्या बचतीतून जमवा. घाई असेल तर ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून उचल घ्या. ठेवीच्या दरापेक्षा साधारण 1-2 टक्के जास्त पडतो, पण ठेव शाबूत राहते. उलट 3 लाखच काढायचे म्हटले तरी एकच पावती असल्याने बँक बहुधा ती सगळीच मोडायला लावेल आणि व्याजात कपात होईल. मुलगी बारावीत आहे. पुढच्या वर्षीचं प्रवेशशुल्क याच ठेवीतून जायचं असेल, तर तिला हात लावायचा प्रश्नच येत नाही.

वर्षात निदान 60 लड्या ओळखीबाहेरच्या लोकांना पूर्ण दराने विकल्या गेल्या, तर 4 माद्या आणा. नर नको, पैदास नको. लोकर माद्यांनाच जास्त येते. गच्ची नको, तळमजल्याची उत्तरेकडची खोली घ्या. प्रत्येकीला वेगळा जाळीचा पिंजरा आणि तळपाय सोलू नयेत म्हणून आत लाकडी फळी. खरेदी दिवाळीनंतर, एक कातरणी फेब्रुवारीअखेर आणि पुढची मेच्या मध्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात अंगावर लोकर कमी राहील. पिंजऱ्यात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवा. आणि एक गोष्ट करसल्लागाराला आधीच विचारून घ्या : सशांचं किंवा सुताचं उत्पन्न शेतीचं म्हणून करमुक्त होत नाही, ते व्यवसायात दाखवावं लागतं, तेव्हा पहिल्या लडीपासून वही ठेवा.