७०० नॅनोमीटरच्या शिखरावरून एलएचसी-२ बद्दल काय म्हणता येतं?

पालकातून वेगळ्या काढलेल्या एलएचसी-२ चा (वनस्पतींमधलं प्रकाश गोळा करणारं क्लोरोफिल-प्रथिन कॉम्प्लेक्स) ७७ केल्विनला घेतलेला एमिशन स्पेक्ट्रम (सोडलेल्या प्रकाशाचा आलेख) ६८० ऐवजी ७०० ला शिखर दाखवतोय, चमकही (फ्लुरोसन्स) घटलीय. तर 'क्लोरोफिलची आपसातली आंतरक्रिया वाढली' असं प्रबंधात लिहू का, हा तुमचा प्रश्न. एवढ्यात लिहू नका.

आधी नमुना कशात विरळ केला ते बघा. साध्या बफरमध्ये केला असेल तर बीटा-डीएम हे डिटर्जंट ०.००९ टक्क्यांच्या आसपासच्या मर्यादेखाली उतरतं, मिसेल (डिटर्जंटचे सूक्ष्म गोळे) मोडतात आणि ट्रायमर (एलएचसी-२ च्या तीन-तीन मोनोमरचे संच) एकमेकांना चिकटतात. ७०० चं शिखर ही त्या गठ्ठ्यांची ओळखीची खूण. चमकेचा आयुष्यकाळही साधारण ४ नॅनोसेकंदांवरून १ च्या खाली येतो. त्याच नमुन्यात डीएम ०.०३ टक्क्यांपर्यंत वाढवून, थोडा वेळ अंधारात थंड ठेवून पुन्हा मोजा. शिखर ६८० कडे परतलं तर गठ्ठेच होते. फोटोसिस्टिम-१ ची (प्रकाशसंश्लेषणातलं दुसरं कॉम्प्लेक्स) भेसळ वेगळी दिसते, ती ७३० च्या पुढे.

नमुना विरळच हवा: ६७५ ला शोषण ०.०५ च्या आसपास. दाट नमुना स्वतःचंच एमिशन गिळतो, शिखर लाल बाजूला सरकतं आणि माणूस फसतो.

एक्सायटेशन स्पेक्ट्रम (कोणत्या तरंगलांबीच्या प्रकाशाने किती चमक येते त्याचा आलेख) घेतलाय का? माझ्या मते तोच खरा साक्षीदार, आणि नेमका तोच लोक टाळतात. एका मोनोमरमध्ये १४ क्लोरोफिल, ८ ए प्रकारचे आणि ६ बी प्रकारचे. बी कडची ऊर्जा काही पिकोसेकंदांत ए कडे जाते, त्यामुळे बी शोषतं त्या ४७० ने उद्दीपित केलं तरी चमक ए चीच दिसायला हवी. ६५५ च्या आसपास खांदा दिसला तर काही बी सुटलेत, म्हणजे कॉम्प्लेक्सच दुखावलंय. एक्सायटेशन स्पेक्ट्रम १ वजा पारेषणाच्या (म्हणजे शोषलेल्या प्रकाशाच्या) आलेखावर ठेवून ताडा. ४७० आणि ६५० ला तो खाली पडत असेल तर तेवढी ऊर्जा ए पर्यंत पोचत नाही.

क्लोरोफिलची विशिष्ट जोडी जबाबदार आहे म्हणायचं तर त्या जोडीलाच हात घालावा लागतो. एलएचसीए-४ चं (फोटोसिस्टिम-१ साठी प्रकाश गोळा करणारं प्रथिन) उदाहरण घ्या. तिथे ६०३ क्रमांकाच्या क्लोरोफिलला अ‍ॅस्पॅराजिन हे अमिनो आम्ल धरून असतं. त्या जागी हिस्टिडिन घातलं की ७३० च्या आसपासची लाल चमक जाते. ६०३-६०९ या जोडीचा दावा त्यामुळे टिकला. तुमच्याकडे असा म्युटंट (अमिनो आम्ल बदललेलं प्रथिन) नसेल तर 'गठ्ठे झाल्यावर चमक विझते आणि लाल सरकते' एवढंच लिहा; तेही मोजून सिद्ध केलेलं असेल तर पुरेसं आहे.

बफरमधलं डीएमचं प्रमाण आणि ६७५ चं शोषण इथे टाका, मग पुढचं बघू.