फितूर, शरण की 'जाऊन मिळाला'? फू त्सुओयीसाठी कुठला शब्द

प्रश्न असा आलाय की चीनच्या यादवीत बाजू बदलणाऱ्या जनरल फू त्सुओयीबद्दल मराठीत 'फितूर झाला' लिहावं का 'शरण गेला'. माझ्या मते दोन्ही नको.

आधी फितूर बघू. कोर्टात साक्षीदार फितूर होतो म्हणजे काय, तर नाव एका बाजूच्या यादीत आणि आतून उलटलेला. आपले लोक लढत असताना मागून दार उघडणारा तो फितूर. फू तर उत्तर चीनचा मुख्य सेनापतीच होता, कम्युनिस्टांशी लढणाऱ्या राष्ट्रवादी सरकारचा प्रमुख चँग कै-शेक याने नेमलेला. डिसेंबर १९४८ मध्ये त्याची खास ३५वी आर्मी शिनबाओआनला संपली, १५ जानेवारी १९४९ ला तिआनजिन २९ तासांच्या लढाईत पडलं, आणि बेइपिंगला म्हणजे आजच्या बीजिंगला वेढा, आत दोन लाखांवर सैन्य आणि सगळं जुनं शहर. बोलणी चँगपासून लपवूनच चालली होती, तेवढ्यापुरता फितुरीचा वास येतो हे मान्य, पण त्याने अख्खं सैन्य करार करून बाहेर काढलं आणि ३१ जानेवारीला कम्युनिस्ट फौज शहरात आली, लढाई न होता.

शरण म्हणावं तर शरण आलेला कैदेत जातो. तिआनजिनचा सेनापती छन छांगज्ये पकडला गेला, त्याला 'पाडाव झाला' हा बखरीतला शब्द चपखल बसतो. फूचं नाव महिनाभर आधीच कम्युनिस्टांच्या ४३ युद्धगुन्हेगारांच्या यादीत होतं, आणि तोच माणूस त्याच वर्षी नव्या सरकारात जलसंधारण मंत्री झाला, १९७२ पर्यंत राहिला! त्यामुळे मी सरळ लिहीन, 'बेइपिंग हवाली करून कम्युनिस्टांना जाऊन मिळाला'. जाऊन मिळणे यात घटना कळते आणि निवाडा वाचणाऱ्याकडे राहतो, म्हणून मला तो फार आवडतो. पक्षांतर मात्र कृपया नको, ते आमदारांना ठीक.

त्याची मुलगी फू तुंगच्यू गुप्तपणे कम्युनिस्ट पक्षात होती, बापाच्या मनात काय चाललंय ते पक्षाला कळवायची, तिला घरभेदी म्हणता येईल, शब्द कडू आहे पण काम तेच.

आणि फितूर शब्द वापरायचाच असेल तर चँगच्याच सैन्यातल्या वू हुआवन या सेनानीसाठी ठेवा. सप्टेंबर १९४८ मध्ये जिनान शहराची पश्चिम बाजू त्याच्याकडे होती, आतून संधान बांधलेलं, आणि लढाई ऐन रंगात असताना तो सैन्यासकट उलटला, वरचा सेनापती वांग याओवू शहरात अडकलेला असताना.