ओव्हनमध्ये ब्रॉइलवर ठेवलं की वरून करपतं आणि आतून कच्चं राहतं, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की चिकनचे जाड पीस अगदी वरच्या रॅकवर ठेवले आणि १० मिनिटांत वरून काळे, आतून गुलाबी. तापमानाचं काही चुकलेलं नाही, रॅक चुकलाय.

बेक मोडमध्ये गरम हवा सगळ्या बाजूंनी शिजवते. ब्रॉइलला फक्त वरची कॉइल लाल होते (गॅसचा ओव्हन असेल तर बर्नर) आणि तिची धग थेट पदार्थावर पडते, उन्हात बसल्यावर जी बाजू उन्हात तीच तापते ना, तसंच. म्हणून इथे सगळा खेळ अंतराचा आहे, कितीतरी ओव्हनमध्ये तर ब्रॉइलला हाय आणि लो एवढंच असतं, डिग्री सेट करताच येत नाही. माशाचे पातळ तुकडे, टोस्टवरचं चीज, कापलेल्या भाज्या हे कॉइलपासून ८ ते १० सेंटीमीटरवर मस्त होतं, पण चिकन १५ सेंटीमीटर तरी खाली हवं, आणि पीस अडीच सेंटीमीटरपेक्षा जाड असेल तर नुसत्या ब्रॉइलवर करूच नका. आधी २०० डिग्रीला बेक करून जवळजवळ शिजवून घ्या आणि शेवटची ३-४ मिनिटं ब्रॉइल. आत ७४ डिग्री झालं की चिकन शिजलं, मी थर्मामीटर टोचूनच बघते, रंगावर विश्वास ठेवत नाही.

ठेवायच्या आधी पीस टिपून कोरडे करा, हे लोक हमखास विसरतात. ओलं असलं की सगळी धग पाणी उडवण्यातच जाते आणि रंग येईपर्यंत मांस चिवट होतं. मॅरिनेडमध्ये मध किंवा साखर असेल तर ती शेवटी लावा, नाहीतर तीच आधी करपते. कॉइल ५ मिनिटं तापू द्या, मध्ये एकदा पलटा, आणि तिथून हलू नका प्लीज, ब्रॉइलमध्ये छान खरपूस आणि जळलेलं यात एका मिनिटाचाच फरक असतो.

भांडं मेटलचंच घ्या. माझी काचेची डिश ब्रॉइलखाली तडकली होती, सगळा ओव्हन काचांनी भरला, तेव्हापासून काच नाहीच. बटर पेपरही नको, तो एवढी धग सोसत नाही, पेटू शकतो. चिकनची चरबी सुटते म्हणून ट्रेवर जाळी ठेवून त्यावर पीस ठेवा, चरबी खाली गळून जाते. तरीही कधी आत जाळ दिसलाच तर ओव्हन बंद करा, दार उघडू नका आणि पाणी तर अजिबात टाकू नका, हवा नाही मिळाली की तो आपोआप विझतो.

दार थोडं उघडं ठेवायचं की बंद हे मात्र तुमच्या ओव्हनच्या मॅन्युअलमध्ये बघा, काही मॉडेलमध्ये बंद दाराआड आतली हवा जास्त तापली की कॉइल मध्येच बंद पडते, म्हणून ते दार किलकिलं ठेवायला सांगतात.

या वेळी तेच चिकन एक-दोन खाचा खाली सरकवून करून बघा (पीस अडीच सेंटीमीटरपेक्षा जाड असतील तर आधी बेक करून) आणि कसं झालं ते कळवा.